सात फटक्यांची मुक्ती

रविवारी सकाळी दहा वाजता तमिळ मुलखातल्या एन्नोरच्या त्या कल्याण मंडपात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, भिंतींना टेकून माणसे उभी होती. मच्छीमार वस्तीतल्या बायका होत्या, वीज केंद्रातले कामगार होते आणि नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेली वीस-पंचवीस कुटुंबेही होती. मंचावर पितळी ताटातली काळपट भुकटी, कुणी काडी न लावता, भसकन पेटली. ज्वाळेला जांभळी झाक होती.

“गेलं! पेय् गेलं, भूत गेलं!” रणवीर ओरडला. “आत्मा मुक्त झाला!”

अंगावर चीवर, डोळ्यांवर गॉगल, कानाला माइक आणि हातात वेताची छडी. लोक त्याला भन्ते म्हणत. तो कुठल्या विहारातून आला, हे कुणी विचारले नव्हते. त्याच्या पायाशी चाळिशीतला एक मच्छीमार पालथा पडला होता. पाठीवर सात वळ, दोन फुटलेले. दोघा सेवकांनी त्याला बखोटीला धरून बाजूला ओढले. जमावाने “साधू! साधू!”चा गजर केला.

तिसऱ्या रांगेत विद्युलता मेश्राम बसली होती. ती आवडी नावाच्या उपनगरातल्या एका शाळेत अठरा वर्षे रसायनशास्त्र शिकवत होती. आदल्या दिवशी धाकट्या भावाचा, अशोकचा फोन आला होता. “ताई, माय हेमाच्या अंगात येते. मायच्याच आवाजात पाणी मागते. उद्या तिला मुक्त करणार आहेत. तू ये.”

माय जाऊन आठ महिने झाले होते. अशोकच्या बायकोने, हेमलताने, दोन वर्षे तिची अंथरुणावरची सगळी सेवा केली होती. विद्युलता हेमाला समजावून परत न्यायला आली होती. पण ती पोहोचेपर्यंत हेमाला मंचामागे नेलेही होते.

रणवीरने गॉगल सारखा केला. “बुद्धांनी माणसांना वाट दाखवली, देवांना दाखवली, यक्षांनाही दाखवली. मी त्याच खात्याचा माणूस! अडकलेला आत्मा म्हणजे सिग्नलला थांबलेली गाडी. मी हिरवा दिवा दाखवतो. पण घुसखोर चहा पाजून जातो का? छडी लागते! आणि ही छडी शरीराला लागत नाही बरं, थेट आत्म्याला लागते!”

लोक हसले. विद्युलताला हसू आले नाही. ज्या बुद्धाने अमर आत्माच मानला नाही, त्याच्या नावावर आत्मे सोडवायचे दुकान! लहानपणी बाबा यक्षांच्या गोष्टी सांगत. यक्ष धमकावत येई, प्रश्न विचारी. बुद्ध शांतपणे बसून उत्तरे देत. त्या गोष्टींत मारहाण कधी नव्हती.

हेमलताला आणले. अशोकने तिची दोन्ही मनगटे घट्ट धरली, कारण तसा हुकूम होता.

रणवीरने नवी भुकटी ताटात ओतली, मधोमध खळगा केला आणि कुपीतले दाट ‘बोधीतेल’ त्यात सोडले. मग छडी उचलली.

“कोण आहेस तू?”

“मी हेमा आहे हो! मला सोडा!”

“खोटं बोलते म्हातारी!” सप्कन छडी बसली. एक. दोन. तिसऱ्या फटक्याला ब्लाउज फाटला. विद्युलता उठून गर्दीतून वाट काढू लागली. नजर मात्र ताटावर होती. आधी तेल, मग फटके, मग ज्वाळा. हे तिने पाहिले होते, आणि इथे नव्हे, वर्गात. जांभळे खडे, वर ग्लिसरीन, आणि मुलांचे श्वास रोखून वाट पाहणे.

सात झाले. ज्वाळा उठली नाही.

एसीने मंडप गारठला होता आणि या वेळची भुकटी जाड होती. तेल पेटायला वेळ घेत होते. रणवीरच्या कपाळावर घाम आला. “हट्टी आत्मा आहे!” आठ. नऊ. हेमाने पाठ वाचवायला हात मागे फिरवला. दहावा फटका बोटांवर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज माइकमधून साऱ्या मंडपाला ऐकू गेला.

विद्युलता मंचावर चढली. एका सेवकाने तिच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून पदरावर आले. तरी तिने छडीचे टोक धरले.

“ताई, तू मधात नको येऊ!” अशोक रडत ओरडला. “मायला सुटू दे!”

“ही माय नाही अशोक, हेमा आहे! तू बायकोला धरून मार खायला लावतो आहेस!”

तेवढ्यात हेमाचे अंग ताठ झाले, डोळे फिरले, हातपाय झटके देऊ लागले. “बघा, आत्मा निघाला!” रणवीर गरजला. ताटातून धूर आला आणि भुकटी एकदम पेटली.

विद्युलताने हेमाला कुशीवर वळवले, डोक्याखाली पदराची घडी दिली. “तिच्या फिटच्या नेहमीच्या गोळ्या देतोस ना?”

अशोकची मान खाली गेली. “भन्तेंनी बंद करायला सांगितल्या. तीन आठवडे झाले.”

“अँब्युलन्स बोलव!”

झटके दोन मिनिटांत थांबले. हेमा गुंगीत पुटपुटली, “पाणी... पाणी दे रे...” मंडप शहारला. अशोक कुजबुजला, “ऐकलंस? माय!”

“झटक्यानंतर माणूस असाच बरळतो. दोन वर्षं रोज हेच शब्द हिच्या कानांवर पडले. दुसरं काय बोलेल ती?”

मग ती उठली. मंचावरच्या दुसऱ्या ताटात रणवीरच्या डब्यातली भुकटी ओतली, ठेचली आणि कुपी उपडी केली. रणवीर झेपावला, पण तो पाठ फुटलेला मच्छीमार त्याच्या आडवा उभा राहिला.

“आता कुणालाही मारणार नाही,” विद्युलता तमिळमध्ये म्हणाली. “नुसतं बघा.”

धुराची रेघ उठली. मग भसकन जांभळी ज्वाळा.

“कुणाचा आत्मा गेला? ही भुकटी म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, तेल म्हणजे ग्लिसरीन. दोन्ही भेटले की थोड्या वेळाने आपोआप पेटतात. तेवढा वेळ काढायला हा माणूस तुम्हाला मारतो. उशीर झाला तर जास्त मारतो!”

मच्छीमाराने माइक हिसकावला. “सात फटके खाल्ले मी! कशासाठी?” खुर्च्या उडाल्या. लोक रणवीरवर तुटून पडले. विद्युलता घसा फाटेस्तोवर ओरडली, “मारू नका! पोलिसांत द्या!” चौघांनी ऐकले, म्हणून तो जिवंत पोलिसांच्या हाती लागला. त्याच दुपारी मारहाणीचा गुन्हा दाखल झाला.

हेमाची दोन बोटे मोडली होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर झटके थांबले. अशोक रुग्णालयात तिच्या खाटेशी बसे. चौथ्या दिवशी ती त्याला म्हणाली, “मी माझं नाव ओरडून सांगत होते. तुम्ही त्याचं ऐकलं, माझं नाही.” डिस्चार्जनंतर ती विद्युलताकडे राहायला गेली. परत जायचे की नाही, ते तिने अजून ठरवलेले नाही.

वाचकहो, झटके येतात ते मेंदूच्या आजाराने, आणि त्यावर औषध आहे. गेलेल्या माणसाची आठवण येते ती प्रेमाने. तिला औषध लागत नाही. बुद्धाने दुःखातून सुटायची वाट दाखवली, पण चालायचे ज्याने त्याने, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या बुद्धीने. मुक्तीच्या नावाने कुणी आपल्या माणसावर हात उगारला, तर मार खाणाऱ्याचे हात धरू नका. उगारलेला हात धरा.