हार्ड डिस्कचा उजवा कौल

लिंबू हललं आणि विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या त्या दोन खोल्यांत जमलेल्या यच्चयावत माणसांनी श्वास रोखला. माणसं इतकी, की पंख्याचं वारं वरच्या वरच वाटून संपत होतं. खाली बसलेल्यांच्या वाट्याला नुसती पंख्याची कुरकुर.

मधोमध पाट. पाटावर हळदकुंकू वाहिलेली एक हार्ड डिस्क. तिच्या पाठीतून निघालेल्या दोन वायरी नव्या कोऱ्या कंप्युटरच्या उघड्या पोटात शिरलेल्या. डिस्कच्या डोक्यावर लिंबू, आणि समोर मांडी ठोकून लवू बुवा.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरातलो अण्णा ह्या डब्यात अडकान ऱ्हवलो हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर गरजलं.

"आतमदी घरघरता हा, पण तोंड दाखवणा नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बायलेवर तेचो राग आसात, तर उजवो कौल दी, रे म्हाराजा!"

लिंबू थरथरलं, जत्रेतल्या बाहुलीसारखं डोललं आणि उजवीकडे घरंगळत थेट अण्णांच्या पत्नी कुंदाताईंच्या पायाशी जाऊन थांबलं. कुंदाताईंनी डोळे मिटून हात जोडले.

गावाकडे देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्याला म्हणतात कौल. पण हार्ड डिस्कला कौल लावायची अक्कल विक्रोळीबाहेर कुणाला सुचली असेल, असं निदान मला तरी वाटत नाही.

त्या गर्दीत एकट्या सुबोधला घाम फुटला होता तो उकाड्याने नव्हे.

अण्णा त्याचे वडील. कारखान्यात पाळी करायचे आणि रात्री भजनाला बसायचे. आवाज असा, की त्यांनी 'सा' लावला की भांडुपपर्यंतची कुत्री ओळीने बसत. आयुष्यभराची भजनं त्यांनी घरच्या जुन्या कंप्युटरवर भरून ठेवली होती. अण्णा गेले, पाठोपाठ तो कंप्युटरही गेला. वर्षश्राद्धाला सगळ्यांना अण्णांचा आवाज ऐकवायचा म्हणून सुबोधने एकेक भाग आणून नवा कंप्युटर स्वतःच्या हाताने जोडला आणि जुन्यातली डिस्क काढून त्यात बसवली. ही गोष्ट त्याने आधी मजल्याला सांगितली, मग इमारतीला, मग इस्त्रीवाल्याला.

श्राद्धाच्या दिवशी बटण दाबलं. दिवे लागले, पडदा उजळला, आणि पडद्यावर अण्णांची डिस्कच दिसेना.

"काय चुकलं काय रे?" कुणीतरी विचारलं.

'कळत नाही, बघतो' एवढं तो म्हणाला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण आख्खी इमारत बघत होती. तो म्हणाला, "जोडणीत काही चूक नाही. मी तीनतीनदा तपासलंय."

जोडणीत चूक नाही, तर चूक कुठे? हा प्रश्न हवेत लोंबकळत राहिला आणि जेवायला आलेल्या लवू बुवांनी तो अलगद उतरवून घेतला. डिस्कवर कान ठेवून ते म्हणाले, "अण्णा हयच आसा. रागावलो हा. घरातून तेची कायतरी वस्तू भायर गेली हा."

कुंदाताईंचा चेहरा पांढरा पडला. अण्णांची बाजाची पेटी त्यांनी मंडळातल्या पोरांना शिकायला दिली होती. बुवांना हे अंतर्ज्ञानाने कळलं. तशी ती पेटी चारचौघांनी खांद्यावर घेऊन बुवांच्या दारावरूनच नेली होती म्हणा.

बुवांनी निदान केलं, डिस्क लाल फडक्यात बांधली, कुणी हात लावायचा नाही असं बजावलं आणि रविवार नेमला. शेवटचा कौल घ्यायचा, मग मार्व्याच्या धक्क्यावरून मनोरीच्या बोटीत बसायचं आणि खाडीच्या मध्यावर डिस्क पाण्यात सोडायची. अण्णा मोकळे!

श्राद्धाच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसातल्या प्रीतमने सुबोधला विचारलं होतं, "नवीन पट्टीवाली छोटी डिस्कपण लावलीयस ना? मग तिने बाजूचा पोर्ट मारला असेल यार. वायर काढ, दुसऱ्या पोर्टात लाव. झालं."

झालं! एवढंच!

सुबोध घरी आला तो हे सांगायलाच. आई देवापुढे बसली होती, जेवण सोडून. "अण्णांनू, चुकलंय. पेटी परत आणतंय," असं पुटपुटत होती. सुबोधच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच थबकलं. आता सांगायचं म्हणजे, आई, अण्णा तुझ्यावर रागावलेले नाहीत, मी चुकलो आणि तुला बोल लागताना गप्प बसलो, हे सगळंच सांगायचं. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. उद्या पुन्हा उद्यावर गेलं. आई एकच वेळ जेवू लागली. सुबोधला दोन्ही वेळा जेवण जाईना, पण तो जेवत होता. न जेवावं तर आई कारण विचारेल!

आणि आज रविवार.

"कौल उजवो!" बुवा उठायला लागले. "आता बोटीची वेळ..."

"थांबा हां बुवा." दारातली माणसं बाजूला झाली. सुबोधची बहीण अस्मिता चपला काढत होती. मुलुंडच्या शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गासमोर उभं राहायची सवय असल्यामुळे तिला गर्दीची भीती वाटत नाही. "मला पण एक प्रश्न विचारायचाय अण्णांना. मी त्यांची मुलगी ना?"

बुवांना नाही म्हणता येईना. अस्मिताने लिंबू डिस्कवर ठेवलं. "अण्णा, दोन आणि दोन पाच होतात. खरं असेल तर उजवा कौल द्या."

लिंबू थरथरलं आणि उजवीकडे घरंगळलं.

"अगो बाई," मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा गणितात कच्चे झाले!"

हशा पिकला. अस्मिताने डिस्कच्या डाव्या कडेखाली अडकलेली जाड वायर ओढून काढली आणि उजव्या कडेखाली सरकवली. "आता विचारते. लवू बुवा खरं बोलतात ना, अण्णा?"

लिंबू थरथरलं आणि डावीकडे गेलं, थेट बुवांच्या मांडीवर.

"आतमध्ये तबकडी फिरते," अस्मिता म्हणाली. "मिनिटाला हजारो फेरे. म्हणून घरघर, म्हणून थरथर. घरातला मिक्सर लावा, त्याच्यावर लिंबू ठेवा, तोपण कौल देईल. लिंबू कुठे जाणार ते उतार ठरवतो. आणि डिस्कखाली वायर घालून उतार कुणी केला? पाट कुणी मांडला?"

सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. पण बुवा मुरलेला गडी.

"लिंबवाचा सोड गो," ते शांतपणे म्हणाले. "मग अण्णा दिसणा नाय कित्याक? तुझो भाव बसलो हा थंय. तेनाच जोडल्यान. इचार तेका. काय रे सुबोधा, जोडणीत चूक आसा?"

अस्मिता भावाकडे बघत होती. आईसुद्धा बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत धाक नव्हता, आशा होती. सुबोधला तेच सोसेना.

"आसा," तो म्हणाला. "चूक माझीच आहे."

"काय म्हणतंस?" आईने विचारलं.

"आई, अण्णा रागावलेले नाहीत. नवी छोटी डिस्क आणि ही डिस्क, दोघींना बोर्डात जायला रस्ता एकच होता. छोटी बसली की बोर्ड दुसरीचं दार लावून घेतो. वीज वेगळ्या वायरीतून येते, म्हणून ही फिरत राहते. पण हिचं बोलणं आत पोचतच नाही. मी त्या बंद दारात वायर लावली होती." तो कंप्युटरकडे सरकला. "मला हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

त्याने कंप्युटर बंद केला. वायर उपटली, शेजारच्या पोर्टात लावली आणि बटण दाबलं. पडद्यावर छोट्या डिस्कच्या खाली अण्णांची डिस्क आली. मंत्र नाही, तंत्र नाही.

त्याने हाताला लागलेली पहिली फाइल उघडली. आधी नुसती खरखर, मग खाकरण्याचा आवाज, आणि मग अण्णा बोलले, "कुंदा, तो पंखो बंद कर गो. घरघर येता रेकॉर्डिंगात."

कुंदाताई उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.

सवयच ती. त्या भट्टीसारख्या खोलीत कुणी चुळबूळसुद्धा केली नाही. मग टाळ वाजले आणि अण्णांनी गजर उचलला. डबलबारी होती, म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोरचा सामना. समोरच्या बुवाचा आवाज दुसऱ्याच कडव्यात फाटला आणि रेकॉर्डिंगातली माणसं खोखो हसली.

तो आवाज सगळ्यांनी ओळखला.

"लव्या," इमारतीतले म्हातारे देवदत्तकाका म्हणाले, "म्हणान तुका ही डिस्क बुडवची होती काय रे?"

लवू बुवा चपला शोधायला जे वाकले, ते वाकलेलेच जिना उतरले. कौलाचं लिंबू कुणीतरी सरबतात पिळलं.

माणसं पांगल्यावर कुंदाताईंनी सुबोधचं ताट वाढलं. त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "रोज तेंची माफी मागी होतंय रे मी. तुका ऐकाक येय होता ना?"

"होय."

"जेव."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्याला घास तरी गिळता आला असता.

तेव्हा बाबांनो, घरातली वस्तू बंद पडली तर तिच्यावर लिंबू ठेवू नका, वायर बघा. कुणी लिंबू ठेवलंच, तर त्याला दोन आणि दोन किती ते विचारा. आणि वायर तुम्हीच लावली असेल तर 'माझं चुकलं असेल' एवढं आधी म्हणून टाका. बुवाला आत शिरायला फट लागते. विक्रोळीतली फट बुवाने पाडली नव्हती. ती घरातल्या शिकलेल्या माणसाने पाडली होती आणि तो आठवडाभर तिच्यापुढे गप्प बसून होता.

पेटी अजून पोरांकडेच आहे. रविवारी वाजते. कुंदाताई पंखा बंद करून ऐकतात.