न दुमडलेलं पान

प्रत्येक पुस्तक स्वतः वाचून मगच दुकानात ठेवायचं, हा त्या पुस्तकविक्रेत्याचा हट्ट. म्हणून लोक त्याला पाठीमागे चाळणीकाका म्हणत. आक्षेपार्ह मजकूर दिसला की काका पानाचा कोपरा दुमडत, आणि एक जरी कोपरा दुमडला तरी पुस्तक बाद. पण दुमडलेलं पुस्तक प्रकाशक परत घेईना आणि रद्दीत घालायला काकांचा जीव होईना. त्यामुळे सगळी चावट, निलाजरी, उद्धट पुस्तकं घरच्या कपाटात कुलूपबंद होत गेली. किल्ली पिठाच्या डब्यात. स्वयंपाकघरात किल्ली लपवून ती बायकोला सापडणार नाही असं समजणारा माणूस भाबडाच म्हणायचा.

काकूंनी दुपारच्या निवांतपणात ते अख्खं कपाट फस्त केलं. नवऱ्याने कोपरे दुमडून ठेवलेले, त्यामुळे शोधाशोधही नाही. वाचता वाचता त्यांनाच सुरसुरी आली आणि त्यांनी टोपणनावाने कादंबरी लिहिली: जगाच्या नीतीची उठाठेव करणारा नवरा आणि त्याला रोज शेंडी लावणारी बायको. ती छापूनही आली. आता काकूंना एकच हवं होतं. दुकानाच्या ज्या दर्शनी काचेवर इतकी वर्षं फडकं मारलं, तिच्यामागे आपलं पुस्तक उभं दिसावं.

नव्या गठ्ठ्यात आलेलं ते पुस्तक घेऊन काका आतल्या खोलीत बसले. काकू बाहेर गल्ल्यावर, पण कान आत. आधी खाकरणं ऐकू आलं. मग "अरे देवा!" मग दाबलेलं हसू, मग न दाबलेलं. चहा निवून गेला तरी काका बाहेर येईनात.

आले ते मात्र कपाळाला आठ्या घालून. "हे आपल्याकडे ठेवायचं नाही. शुद्ध वाह्यातपणा!"

"कुठल्या पानावर?"

"पानोपानी!"

"दाखवा तरी."

काकांनी पुस्तक मागून पुढून चाळलं. एकही कोपरा दुमडलेला नव्हता. वाचायच्या नादात दुमडायचंच राहून गेलं होतं.

"कोपरा नाही, तर पुस्तक बाद नाही," काकू म्हणाल्या. "नियम तुमचाच."

"मग आता दुमडतो की!"

"दुमडा. पण त्यासाठी परत सगळं वाचावं लागेल."

काकांचा चेहरा खुलला. त्यांनी तो घाईघाईने आवरला. "पण असलं लिहायला ही बाई शिकली तरी कुठे?"

काकूंनी गल्ल्यावर किल्ली ठेवली. तिला पीठ चिकटलं होतं. "तुमच्या कपाटात."

काका किल्लीकडे बघत राहिले, मग मुखपृष्ठावरच्या नावाकडे, मग बायकोकडे.

"अगं, म्हणजे तो नवरा..."

"काल्पनिक आहे हो."

काचेमागचा सदाचारावरचा जाडजूड ग्रंथ काकांनी उचलला, त्या जागी कादंबरी उभी केली, आणि रस्त्यावर जाऊन ती सरळ दिसते का ते बघून आले. काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पुढच्या पुस्तकात त्या नवऱ्याला जरा अक्कल दे गं," काका हळूच म्हणाले.

"देईन की," काकूंनी डोळे पुसले. "काल्पनिकच तर आहे, जमेल."