एका रेषेत उतरणारा आकडा

मुलांनो, आपण गोट्या खेळतोय अशी कल्पना करा. रिंगणाभोवती नऊ जण बसलेत आणि प्रत्येकापुढे त्याच्या गोट्यांचा ढीग आहे. नियम असा की, फेरी सुरू झाली की खेळा अगर न खेळा, थोड्या गोट्या मध्ये टाकाव्याच लागतात. तुम्हाला तहान लागली आणि तुम्ही घरी गेलात. खेळ तुमच्यासाठी थांबत नाही. तुमची पाळी आली की शेजारचा तुमच्या ढिगातून गोट्या उचलतो आणि मध्ये टाकतो. दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. तुम्ही घरी पाणी पिताय आणि इकडे तुमचा ढीग हळूहळू, अगदी सारख्या चालीनं लहान होतोय. लांबून फक्त ढीग मोजणाऱ्याला वाटेल की तुम्ही अजून तिथेच बसलाय. एवढं नीट ध्यानात ठेवा, म्हणजे लिगायाची गोष्ट सांगतो.

लिगाया अकरा वर्षांची होती. लास व्हेगासच्या पूर्वेकडे, जिथे हॉटेलांतली धुणी धुणारे, पत्ते वाटणारे आणि खोल्या झाडणारे लोक राहतात, तिथे ती आत्याजवळ राहायची. आई समुद्रापलीकडे बटांगासला माहेरी गेली ती परत आलीच नाही. बाबा, म्हणजे अर्नेल दिमायुगा, पत्ते खेळून घर चालवायचा. त्या गावात ह्यात कुणाला नवल वाटत नाही. कुणाचा बाप गवंडी असतो, कुणाचा पोकर खेळतो.

दर उन्हाळ्यात तिथे पोकरची मोठी स्पर्धा भरते. महिना-दीड महिना वेगवेगळे खेळ चालतात आणि शेवटी सगळ्यांत मोठा, ज्यात जगभरातून माणसं येऊन बसतात. त्याची प्रवेश फी अर्नेलला एकट्याला झेपणारी नव्हती. मिलाग्रोस आत्यानं लाँड्रीतल्या पगारातून भर घातली, चर्चमधल्या चार घरांनी घातली आणि देल्फिनकाकानं सगळ्यांत जास्त घातली. देल्फिनकाका बाबाचा जुना मित्र. गुडघे जाईपर्यंत त्यानं कॅसिनोत उभं राहून आणि बसून पत्ते वाटले होते. जिंकलं तर ज्याचा जेवढा वाटा तेवढं त्याला, ही तिथली रीत आहे. म्हणून अर्नेल खेळायला बसला की त्याच्याबरोबर अर्धा मोहल्ला बसायचा, फक्त आपापल्या घरात, फोनवर निकाल बघत.

स्पर्धेच्या दिवसांत अर्नेल घरी येत नसे. फ्रीमॉन्ट रस्त्याच्या टोकाला एक स्वस्त मोटेल होतं, तिथे तो खोली घ्यायचा. खेळात असेपर्यंत घराचा उंबरा ओलांडायचा नाही, असं त्यानं ठरवलेलं. घरानंही त्याच्यासाठी एक नियम केला होता. एकदा तांदूळ कुठला आणू हे विचारायला आत्यानं त्याला फोन केला आणि पुढच्याच डावात तो खेळातून बाद झाला. तेव्हापासून खेळात उरलेल्यांच्या यादीत नाव असेपर्यंत अर्नेलला फोन करायचा नाही. नाव आहे म्हणजे माणूस ठीक आहे, असं सगळ्यांनी धरून चालायचं.

मोठ्या स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी दुपारी खेळ सुरू झाला. मोठ्या खेळात बक्षिसाची एक रेघ असते. रोज माणसं बाद होत जातात आणि ठरलेल्या संख्येपर्यंत जे उरतात, त्या सगळ्यांना काही ना काही मिळतं. तो दिवस त्या रेघेचा होता. आत्यानं सुट्टी घेतली होती. शेजारणी पान्सितचं, म्हणजे परतलेल्या शेवयांचं, भलंमोठं ताट घेऊन आल्या होत्या. पडदे ओढलेले, कारण बाहेर ऊन असं की दाराची मूठ धरवत नव्हती. देल्फिनकाका कोचावर गुडघ्याला बर्फ लावून बसला होता आणि लिगायाच्या मांडीवर आत्याचा जुना लॅपटॉप होता. स्पर्धेच्या संकेतस्थळाचं पान ताजं करत राहायचं आणि बाबाचा आकडा मोठ्यानं वाचायचा, हे तिचं काम.

बाकी हजारभर लोकांचे आकडे कुणी टाकत नव्हतं. पण अर्नेलच्या टेबलावर एक नावाजलेला खेळाडू आला होता, त्यामुळे वार्ताहर दर दोन तासांनी होणाऱ्या सुट्टीत, सगळे उठून गेलेले असताना, त्या टेबलावरच्या नऊही जणांच्या चकत्या मोजून पानावर टाकत होता. चकत्या म्हणजे पैसे नव्हेत. कोण किती तग धरून आहे, ते त्यांवरून कळतं.

खेळ सुरू होतानाचा आकडा चार लाख साठ हजार होता. पहिल्या सुट्टीला तो तीन लाख ऐंशी हजार झाला.

आत्या हळहळली. देल्फिनकाका म्हणाला, काही बिघडलेलं नाही, चांगले पत्ते येत नसतील, पोरगा सबुरीनं बसलाय. शेजारणींनी मान डोलावली. एकजण म्हणाली, "अर्नेल आणि सबुरी? आमच्याकडे जेवायला आला की ताट मांडायच्या आधी त्याचा हात पातेल्यात असतो." सगळे हसले. देल्फिनकाकाही हसला, पण उशिरा.

दुसऱ्या सुट्टीला आकडा आला दोन लाख त्र्याऐंशी हजार.

लिगायानं तो मोठ्यानं वाचला. बाबानं तिला हा खेळ जेवणाच्या टेबलावर मुगाचे दाणे मांडून शिकवला होता. दर फेरीला टाकाव्याच लागणाऱ्या सक्तीच्या चकत्या किती, दोन तासांनी त्या कशा वाढतात, तासाला साधारण किती डाव वाटले जातात, हे तिला ठाऊक होतं. तो म्हणायचा, "चांगल्या माणसाचा ढीग वर-खाली होतो, वाईटाचाही होतो. माणूस श्वास घेतो ना, तसा." शेजारच्या आठ जणांचे आकडे तिनं वाचले. कुणाचा दुप्पट झालेला, कुणाचा अर्धा, कुणाचा पडून पुन्हा चढलेला. बाबाचा फक्त उतरत होता.

तिनं शाळेच्या वहीच्या पाठीवर हिशेब मांडला. एकही पत्ता न खेळता नुसत्या सक्तीच्या चकत्या गेल्या तर पहिल्या दोन तासांत किती जातील? उत्तर आलं ऐंशी हजाराच्या आसपास. पुढच्या दोन तासांत, रक्कम वाढल्यावर? जवळजवळ सत्त्याण्णव हजार. चार तासांत बाबानं एक पैजही मारली नव्हती, एकही जिंकली नव्हती, एकही हरली नव्हती. बसलेल्या माणसाच्या हातून हे होत नाही. कितीही सबुरी धरली तरी एखादा एक्का येतोच, आणि बाबाला एक्का आला की त्याला राहवत नसे.

ती आत्याकडे गेली. आत्या ताटल्या वाढत होती. लिगाया म्हणाली, बाबा खुर्चीवर नाहीये. आत्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नाव आहे ना यादीत, मग झालं, असं अशुभ तोंडातून काढू नकोस, आणि काकाला बर्फ नेऊन दे, असं तिनं सांगितलं. लिगायानं फोन मागितला. आत्यानं तो ॲप्रनच्या खिशात खोल सारला. "रेघ पार होऊ दे. मग तूच कर, पहिला तूच."

देल्फिनकाका सज्जात सिगारेट ओढायला गेला होता. लिगायानं बर्फ त्याच्या हातात दिला आणि वहीचं मागचं पान समोर धरलं. त्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं. वाचायला त्याला जेवढा वेळ लागायला हवा होता, तेवढा लागला नाही.

आता त्याला काय ठाऊक होतं, ते तुम्हाला सांगायला हवं. रात्री खेळ थांबला की प्रत्येक जण आपल्या चकत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून वर नाव लिहितो. दुसऱ्या दिवशी ती पिशवी त्याच्या जागेवर ठेवलेली असते. माणूस आला नाही, तर पत्ते वाटणारा ती फाडतो, चकत्या रचतो आणि दर फेरीला त्यातून घेत जातो. खुर्ची रिकामी असली तरी ती स्पर्धेत असते. कधी कधी ती रेघही ओलांडते. देल्फिनकाकानं अशा पिशव्या स्वतःच्या हातानं फाडल्या होत्या.

"झोप लागली असेल त्याला," तो म्हणाला. "काल उशिरापर्यंत चाललं होतं."

"मग उठवू या."

"आत्ता नको, पोरी. अजून पाच-सहा माणसं बाद झाली की रेघ आली. सक्तीच्या चकत्या तेवढ्यापर्यंत पुरतात, मी हिशेब केलाय. आत्ता आपण चौकशी केली, आरडाओरडा झाला, कुणी म्हणालं ह्या माणसाचं काहीतरी भलतंच आहे, तर त्या चकत्या उचलून नेतील. तुझ्या आत्याचं गेलं, सगळ्यांचं गेलं. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

"तुम्ही कधी केला हिशेब?"

त्यानं खाली गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं. ऊन पत्र्यांवरून उसळत होतं.

"काका, कधी केला?"

"पहिल्या सुट्टीला," देल्फिनकाका म्हणाला.

लिगाया आत आली. आत्याच्या खिशातला फोन मिळणार नव्हता. पण स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक जुना फोन होता, लाँड्रीतून अचानक बोलावणं आलं तर म्हणून ठेवलेला. बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढला होता. तिनं दार ओढून घेतलं आणि आधी बाबाचा नंबर लावला. घराचा नियम तिनं मोडला होता. घंटी वाजत राहिली आणि शेवटी त्याचाच आवाज आला, निरोप ठेवा म्हणणारा. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तोच आवाज, तितकाच आनंदी.

मग तिनं मोटेलला लावला. काउंटरवर एक बाई होती, थकलेली, काहीतरी चघळत बोलणारी. लिगायानं बाबाचं नाव सांगितलं. त्या खोलीच्या दारावर त्रास देऊ नये अशी पाटी आहे, ती म्हणाली, आणि अशी पाटी असली की आम्ही दार वाजवत नाही. हे खरंच होतं. त्या गावात निम्मी माणसं दिवसा झोपतात. पाटी लावलेल्या दारावर संध्याकाळपर्यंत कुणी टकटक केली, तर शिव्या खाव्या लागतात. बाईनं विचारलं, वय काय तुझं? लिगायानं सांगितलं. बाई म्हणाली, मग घरातल्या कुणाला तरी फोन करायला सांग.

"माझे बाबा दुपारपासून मोठ्या स्पर्धेत खुर्चीवर असायला हवेत," लिगाया म्हणाली. "ते तिथे नाहीत."

"तू काय तिथे बसलीयेस?"

"नाही. पण त्यांच्या चकत्या एका रेषेत कमी होतायत. दोन सुट्ट्या झाल्या. वर एकदाही गेल्या नाहीत."

पलीकडचं चघळणं थांबलं. ती बाईही त्याच गावची होती. ह्याचा अर्थ तिला लगेच कळला. किल्ल्यांचा जुडगा उचलल्याचा आवाज आला. फोन ठेवू नकोस, मी हा हातातला फोन घेऊनच जाते, असं ती म्हणाली.

लिगाया ऐकत राहिली. सपाता जिन्यावरून वर चालल्या होत्या. बाईला धाप लागली होती. मग दारावर टकटक झाली, आधी बोटांनी, नंतर मुठीनं. "दिमायुगा साहेब?" थोडं थांबून पुन्हा, "अहो साहेब." खोलीच्या आत कुठेतरी गजर वाजत होता, तासन्‌तास न थांबवलेला, आणि तो फोनमधून लिगायालाही ऐकू आला. बाबा तो गजर दुसऱ्या घंटीच्या आत बंद करायचा. किल्ली फिरली. गजर एकदम मोठा झाला, आणि मग कुणीतरी तो बंद केला.

त्याच वेळी बाहेरच्या खोलीत कल्ला उठला. रेघ पार झाली होती. पानावर नावांची लांबलचक यादी आली होती आणि कुणीतरी ओरडून वाचत होतं, दिमायुगा, अर्नेल, आहे, आहे! खुर्च्या सरकल्या. आत्या रडत होती आणि हसत होती. शेजारणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुणी टीव्हीचा आवाज आणखी वाढवला. कुणी म्हणालं, आता करा फोन त्याला, आता करा. देल्फिनकाका कोचावरून उठला होता, दुखरे गुडघे विसरून, आणि सगळे त्याची पाठ थोपटत होते, कारण दुपारपासून तोच म्हणत होता की पोरगा सबुरीनं बसलाय.

फोनमधून बाई खोलीतल्या दुसऱ्या फोनवर कुणाला तरी पत्ता सांगताना ऐकू आली. मग बाईचा आवाज आला. त्यात घाई उरली नव्हती.

"ॲम्ब्युलन्स बोलावलीय मी," ती म्हणाली. "पोरी, घरात मोठं माणूस कुणी आहे का? त्यांना दे फोन. तू नको ऐकूस."

फोनची तार लांब होती. बोलता बोलता आत्याला शेगडीपर्यंत जाता यावं म्हणून बाबानंच ती बदलून दिली होती. लिगायानं दार उघडलं आणि ती तार ओढत बाहेरच्या खोलीत आली. आत्यानं तिला पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. लिगाया त्या हातांच्या बाजूनं पुढे गेली. शेजारणींच्या मधून वाट काढत ती देल्फिनकाकाजवळ पोचली. त्याच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. तिनं त्याचा उजवा हात धरला, मूठ सोडवली, त्यात फोन ठेवला, आणि तो त्याच्या कानाला लागेपर्यंत ती तिथून हलली नाही.