बटणांच्या डब्यातून गिटार

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर निळं तळं होतं, तळ्यात दोन हंस होते आणि पोटात बिस्किटं होती. बिस्किटं फस्त झाल्यावर आईने माझ्यात बटणं भरली आणि मला शिवणयंत्राखाली ठेवून दिलं. सदऱ्याचं बटण तुटलं की माझी आठवण व्हायची, एरवी कुणी ढुंकून बघत नसे. मला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

घरातली ताई गाणी रेकॉर्ड करायची आणि धाकटी बहीण गिटार वाजवायची. एका नाटकाच्या गाण्यासाठी धाकटीने जीव ओतून वाजवलं. पण त्या दिवशी गिटारचा आवाज मोठा, भरदार करणारा तिचा ॲम्प दुरुस्तीला गेला होता, म्हणून ताईने गिटारची वायर थेट संगणकाला जोडली. वाजवणं अप्रतिम झालं, आवाज मात्र अगदी कोरडा आला. ॲम्प आल्यावर पुन्हा वाजवू, असं ठरलं. ॲम्प आला खरा, पण तो जिन्यावरून चढवताना धाकटीचा पाय घसरला. ॲम्पला ओरखडाही आला नाही. धाकटीचं मनगट मोडलं.

नाटकाच्या दिग्दर्शकांचा निरोप आला, शनिवारी भरदार गिटार ऐकवा, नाहीतर दुसऱ्या कुणाचं गाणं घेतो.

"रीॲम्प बॉक्स लागेल," ताई म्हणाली. म्हणजे काय, ते सांगतो. संगणकातून परत निघणारा आवाज ॲम्पला झेपत नाही, फार दांडगा असतो. ही पेटी त्याला मवाळ करते. मग रेकॉर्ड केलेलंच वाजवणं ॲम्पमधून नव्याने, भरदार होऊन निघतं.

"मग विकत आण की," मामा म्हणाला. "दुकानातली वस्तू ती दुकानातली."

"मागवली तर शनिवार उलटून जाईल, मामा. मी बनवते."

"तू बनवलेली दारावरची बेल अजून कुणी नसताना वाजते!"

सगळे हसले, धाकटी सोडून. "ताई, तू बनव," ती म्हणाली.

ताईकडे एका मोडक्या यंत्रातला ट्रान्सफॉर्मर होता. त्याला धातूचं घर हवं होतं. तिची नजर माझ्यावर पडली.

"अगं, माझी बटणं कुठे ठेवू?" आई ओरडली.

बटणं बरणीत गेली आणि मी टेबलावर आलो. सॉकेटसाठी भोक पाडलं, ते नेमकं एका हंसाच्या मानेत. दुखलं, पण छाती फुगवून बसलो. ताईने वायरी जोडल्या, गाणं लावलं आणि ॲम्पमधून गिटारऐवजी नुसती घरघर आली.

"आता मी काही बोलत नाही," असं म्हणून मामा बराच वेळ बोलला. ताईने सगळे सांधे तपासले, ते ठीक होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटीने चिडून चांगला हात माझ्यावर आपटला आणि दचकून उचलला.

"ताई, मी हात लावला की घरघर वाढतेय बघ!"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, रंग! मध्ये रंग आहे, सॉकेट पत्र्याला टेकतच नाहीये. पत्रा जोडला गेला नाही, तर तो घरघर अडवणार कसा?"

म्हणजे ज्या रंगाचा मला एवढा तोरा होता, तोच आड येत होता. ताईने सॉकेट सोडवून पॉलिश पेपर घेतला आणि भोकाभोवतीचा रंग खरवडून काढला. हंस गेला. मला रडूच आलं असतं, पण तेवढ्यात तिने सॉकेट परत घट्ट बसवून गाणं लावलं. घरघर गायब! ॲम्पमधून गिटार अशी दणदणीत निघाली की खिडकीच्या काचा थरथरल्या. आई कालथा हातात घेऊनच धावत आली. मामाने तर टाळ्या वाजवल्या.

शनिवारी दिग्दर्शक आले. एकदा ऐकून म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा ऐकून म्हणाले, "हेच गाणं घेतो. वाजवलंय कोणी?"

धाकटीने प्लास्टरमधला हात वर केला.

मित्रांनो, तेव्हापासून मी ताईच्या टेबलावर असतो. माझं एकच मागणं आहे. तुम्ही काही बनवलंत आणि पहिल्याच दिवशी त्याने नुसती घरघर केली, तर त्याला अडगळीत टाकू नका. आमच्यासारख्यांना कधीकधी थोडं खरवडावं लागतं, एवढंच.