कोयत्याआधी गोटा

शेषेरावांची म्हैस हणमंतरावांच्या बागेत शिरली, घड लागलेली तेरा केळीची झाडं तिनं आडवी केली आणि वर तिथंच रवंथ करत बसली. हणमंतरावांनी आधी तिला लिंबाला बांधलं, मग कोयता उचलला. बांधापलीकडं शेषेरावांची बाग उतरायला आली होती. उद्या अर्धापूरहून टेम्पो येणार होता आणि त्या मालावरच शेषेरावांच्या शिवांगीचं लग्न ठरलं होतं.

"सारी बागच बुडासकट आडवी करतो!"

"करा की," बायको सिंधु म्हणाली, "पर गोट्याला इचारून."

हणमंतरावांनी दात खाल्ले. त्यांच्या घरात तीन पिढ्या देवाला न विचारता रागात हत्यार चाललं नव्हतं. महादेवाच्या देवळातल्या गोल गोट्यावर दोन्ही तळवे ठेवून विचारायचं. उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. त्यामुळं हे घराणं गावात सगळ्यात जास्त तापायचं आणि पोलीस ठाण्यात सगळ्यात कमी जायचं. सिंधु मागोमाग निघाली. मी शेजारी, असला तमाशा मी कसा चुकवीन!

देवळात हणमंतराव गोट्यापुढं कोयता मांडीखाली दाबून बसले. "देवा, शेषाची बाग कापू का?"

गोटा डावीकडं फिरला.

"बरं, अर्धी?"

डावीकडं.

"तेराला तेरा तरी?"

पुन्हा डावीकडं.

"न्हाईच म्हणून राहिला! ती म्हैस तुज्या नंदीची पाव्हणी लागती का?"

तेवढ्यात शेषेराव काठी घेऊन धापा टाकत आले. "माजी म्हैस बांधतो व्हय रं? सरक, मला बी इचारायचंय. देवा, ह्या हणमंत्याचं टाळकं फोडू का?"

गोटा डावीकडं फिरला. हणमंतराव टाळी वाजवून हसले. मग आपण रागात आहोत हे आठवून त्यांनी पुन्हा कपाळाला आठ्या घातल्या.

शेषेरावांनी काठी खाली टाकली. "म्हैस माजीच, चूक बी माजीच. देवा, तेरा घड माज्या बागेतले दिऊ का ह्याला?"

गोटा उजवीकडं फिरला.

हणमंतरावांनी लगेच तळवे टेकले. "मंग मी घिऊ का?"

डावीकडं.

"लेकीच्या लग्नाचं हाय ते," हणमंतराव स्वतःशीच म्हणाले. त्यांनी गोट्यावरचे तळवे उचलले. मला दोघांचीही लई माया वाटली.

इतक्यात देवळाची झाडलोट करणारी बसम्मा केरसुणी घेऊन आली. "काय करून राहिलात? त्यो गोटा आता फिरत न्हाई. परवा फरशी बसवताना रुद्रेश मिस्त्रीनं सिमेंटात पक्का केला. चार गड्यांला हालला न्हाई."

आम्ही वाकून पाहिलं. गोट्याभोवती सिमेंट वाळून खडक झालं होतं. तडा नाही की भेग नाही.

हणमंतराव लालबुंद झाले. "देवाला सिमेंटात गाडतो? त्या मिस्त्रीचे हातच तोडतो!" कोयता घेऊन ते दाराकडं धावले.

सिंधु उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "इचारलं का?"

हणमंतराव माघारी आले. बसले. तळवे टेकून त्यांनी विचारलं. आम्ही चौघं डोळ्यांत तेल घालून बघत होतो.

गोटा डावीकडं फिरला.

हणमंतरावांनी कोयता बसम्माच्या हाती दिला आणि ते म्हैस सोडायला गेले.