पोटात सोडणं भरलेला ठोकळा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. आमच्या टोंगा बेटांवर तुतीची साल कुटून कापड करतात. ती साल माझ्या पाठीवर कुटतात. मित्रांनो, मार खाऊन खाऊन मी आता थकलो आहे.

माझं पोट पोकळ कोरलेलं, म्हणून आवाज दणदणीत. "कालो आत्यांच्या अंगणात काम सुरू झालं," असं अख्खा गाव माझ्यावरून ओळखायचा. मी त्या कौतुकाने फुगून जायचो. बायका ओळीने बसून एका तालात लाकडी मोगऱ्या चालवत. एखादी ढिली पडली की बाकीच्या मुद्दाम जोरात कुटत, म्हणजे ती तालावर येई.

आत्यांची भाची फाने मात्र काही केल्या तालावर येत नसे. तिच्या भावाचं लग्न ठरलं होतं आणि लग्नाच्या कापडाला बहिणीचा हात लागलाच पाहिजे, अशी आमची रीत. पण ती सारखी जांभया देई, उन्हाकडे पाठ करी. शेजारणीच्या केसांतल्या खोबरेल तेलानेसुद्धा तिला मळमळे. मग बायका आणखी जोर लावत. एका सकाळी तिची मोगरी तिरकी पडली आणि साल मधोमध फाटली.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?" आत्या कडाडल्या. "नवऱ्या मुलाला भोकाचं कापड देऊ? ऊठ! उद्यापासून येऊ नकोस."

बापाच्या बहिणीचा शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. फाने कपाळ दाबून तिथेच बसली.

"आत्या, मला अर्धशिशी आहे. दवाखान्यातली नर्स म्हणाली, तोच तोच आवाज आला की इतरांचा मेंदू त्याला सरावतो. माझा सरावत नाही. मला प्रत्येक ठोका पहिलाच वाटतो. त्यात तुमचं बोलणं बुडून जातं, हातातलं कामही."

"अगं बाई! आणि आम्ही तुझ्यासाठी जोर लावत होतो!" शेजारची व्हिका म्हणाली.

मित्रांनो, मला भरून आलं. मलाही प्रत्येक ठोका पहिल्यासारखाच लागतो. पण मी लाकूड. ती पोर कशी सोसत असेल?

आत्या उठल्या. त्यांनी नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या काथ्याच्या साली, आणली आणि माझ्या पोटात गच्च कोंबली.

"आत्या, आवाज आला नाही तर गाव म्हणेल, काम बंद पडलं," व्हिका म्हणाली.

"म्हणू दे. गाव काय आवाज नेसणार आहे? फाने, सावलीत बस. आणि डोकं ठणकलं की सांगून घरात जाऊन पड, तुझी जागा कुणी घेणार नाही."

तेव्हापासून मी नुसता ठप्प ठप्प वाजतो. रस्त्याने जाणारं कुणी माझं नाव काढत नाही, याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? फानेची अर्धशिशी काही गेलेली नाही. पण लग्नात ते लांबलचक कापड उचलून चालणाऱ्या बायकांत सगळ्यांत पुढे तीच होती.

तुमच्याजवळ कुणी कपाळ धरून बसलं, तर "लक्ष दे" म्हणून ओरडू नका. आधी हातातली मोगरी खाली ठेवा.