ज्याच्या त्याच्या घरचं विरजण

माझ्या बहिणीचा ब्लॉग आज सकाळी लागला नाही. पातेल्यावरची ताटली काढली, तर खाली नुसतं दूध. एकही अक्षर धरलेलं नव्हतं.

आमच्या ब्लॉगमंचाला मालक नाही, कचेरी नाही, मुख्य संगणकही नाही. सगळ्यांचे लेख सगळ्या सभासदांच्या घरी असतात. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालायचं, सकाळपर्यंत सगळं लिखाण त्यावर घट्ट धरतं. एखाद्याचं बिघडलं तर शेजारून वाटीत आणायचं. इतक्या घरांतून एकाच वेळी कोण काय पुसणार, असं मी दर सभेत छातीठोकपणे सांगायचो. शंका काढणाऱ्यांना तर मी बोलूच द्यायचो नाही.

माझी बहीण कुंदा दिवाळीआधी गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं इस्पितळातून एक लेख टाकला होता. तो मी अजून वाचला नव्हता. वाचला की तिचं बोलणं संपलं, म्हणून रोज पुढं ढकलत होतो. आज त्या लेखाच्या जागीही दूधच होतं.

वाटी घेऊन शेजारी पोंक्षेकाकूंकडे गेलो. त्यांच्याही पातेल्यात दूधच होतं. स्वतःचं विरजण त्यांनी कधीच संपवलं होतं, रोज बागवानांकडून आणत होत्या. त्यांनी हे सांगितलं आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत सरकून बागवानांच्या स्वयंपाकघराला लागली. मधली गल्ली उरली नाही. मी चप्पल न घालताच पलीकडे गेलो.

रफीकभाई बागवान ओट्याशी दूध ढवळत उभे होते. ते खोतांकडून आणायचे.

"मग तुमचं स्वतःचं?" मी विचारलं.

"तुमचं आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो," ते म्हणाले.

माझं मेलेलं विरजण पोंक्षेकाकूंकडूनच आणलेलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. भिंत सरकली. खोतांनी पुढच्या घराकडे बोट दाखवलं, त्यांनी त्याच्या पुढच्या. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, इथं सगळ्यांची मिळून एकच चूल होत चालली होती. प्रत्येक घराची माणसं आत येत होती, जागा मात्र होती तेवढीच राहिली. सगळ्यांच्या हातात रिकाम्या वाट्या होत्या आणि कोपरं एकमेकांच्या बरगड्यांत रुतत होती. श्वास घ्यायचा तरी पाळीपाळीनं घ्यावा लागत होता.

शेवटची भिंत सरकली तेव्हा समोर सुमतीबाई कुरुंदवाडे भांडी घासत होत्या. मंचाच्या त्या सगळ्यात जुन्या सभासद. ओट्यावर त्यांचं विरजणाचं मडकं धुऊन पालथं घातलेलं होतं.

"काल व्याही आले होते," त्या म्हणाल्या. "कढी केली."

"सगळ्याची?"

"होय."

"विरजणापुरतं तरी ठेवायचं."

"सगळ्यांच्या घरी असतंय की. उद्या कुणाकडनं तरी आणायचं म्हटलं."

काल ही कढी उकळली त्याच वेळी गावभरच्या वाट्यांतलं विरजण मेलं होतं. ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला ओरडायचं होतं, पण छाती भरून घेण्याइतकीही जागा नव्हती.

सुमतीबाईंनी पातेलं तिरकं केलं. तळाशी थोडीशी उरली होती, ती त्यांनी गरम करून माझ्या वाटीत ओतली. प्यायली तर वाचून होईल, त्या म्हणाल्या, पण एकदाच.

मी वाटीत पाहिलं. कढीलिंबाच्या पानाला चिकटून एक ओळ वर आली. अक्षर कुंदाचंच होतं, डावीकडे कललेलं. 'दादा, हे वाचून झालं की लगेच'

मागून सगळ्यांनी आपापल्या वाट्या पुढं केल्या. धक्क्यानं माझा हात हलला आणि कढी फुटायला लागली. पांढरे कण एकीकडे गेले, पाणी एकीकडे.